राजाचे पंतप्रधान की स्वतःच्या राजकारणाचे? : सूर्यबहादूर थापा यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

नेपाळमधील राजेशाहीच्या अस्तावर या मासिकात आलेल्या लेखात सूर्यबहादूर थापा यांचा उल्लेख एकाच वाक्यात होता : ‘तीन राजांच्या कारकिर्दीत पाच वेळा पंतप्रधान झालेले राजनिष्ठ नेते’. त्या वाक्यावर बरीच पत्रे आली. काही वाचकांना ‘राजनिष्ठ’ हे विशेषण अपुरे वाटले, तर काहींना पाच वेळांचा हिशेब जुळेना. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : पाच वेळा पंतप्रधान म्हणजे नेमके केव्हा केव्हा? आणि हे गृहस्थ मुळात कुठले? (नाशिक)

उत्तर : थापा यांचा जन्म १९२८ साली पूर्व नेपाळच्या डोंगराळ भागातील धनकुटा जिल्ह्यात, मुगा या गावी झाला. राणाशाहीच्या (वंशपरंपरागत राणा पंतप्रधानांच्या सत्तेच्या) अखेरच्या दिवसांत ते विद्यार्थी चळवळीत होते. १९५८ मध्ये ते सल्लागार सभेवर अपक्ष म्हणून गेले आणि १९५९ मध्ये नेपाळच्या पहिल्या निर्वाचित संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. ही अपक्षता ध्यानात ठेवावी. नेपाळी काँग्रेसच्या ऐन भराच्या काळातही ते त्या पक्षात नव्हते, त्यामुळे पुढे राजाने पक्षांवर बंदी घातली तेव्हा त्यांना कोणतीही निष्ठा मोडावी लागली नाही.

पंतप्रधानपदाचा हिशेब असा आहे. पहिली खेप डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ अशी जेमतेम दोन महिन्यांची, आणि त्या वेळी पदाचे नावही ‘मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष’ असे होते. दुसरी जानेवारी १९६५ ते एप्रिल १९६९, तिसरी १९७९ ते १९८३, चौथी ऑक्टोबर १९९७ ते एप्रिल १९९८ आणि पाचवी जून २००३ पासून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात दिलेल्या राजीनाम्यापर्यंत. पाचही कारकिर्दींची बेरीज साधारण दहा वर्षांची होते. पण पहिल्या शपथेपासून शेवटच्या राजीनाम्यापर्यंतचा काळ चाळीस वर्षांचा आहे, आणि तेवढ्या अवधीत महेंद्र, वीरेंद्र व ज्ञानेंद्र असे तीन राजे गादीवर होते. (अल्पकाळ राजा घोषित झालेले दीपेंद्र यात धरलेले नाहीत.)

प्रश्न : बी. पी. कोइराला यांच्यासारखा लोकनियुक्त पंतप्रधान तुरुंगात असताना एखाद्या सुशिक्षित तरुणाने राजाच्या मंत्रिमंडळात जावे, याचे समर्थन कसे करणार? (कोल्हापूर)

उत्तर : समर्थन करण्याचे आम्हांला कारण नाही, कारणमीमांसा मात्र करता येईल. १९५९ च्या निवडणुकीत नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या होत्या. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त करून कोइराला व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक केली, काही आठवड्यांत पक्षांवर बंदी घातली आणि १९६२ च्या संविधानाने पक्षविरहित पंचायत पद्धती आणली. गाव, जिल्हा आणि शेवटी राष्ट्रीय पंचायत अशी ही उतरंड होती. वरच्या पायरीवरील सदस्य खालच्या पायरीवरून अप्रत्यक्षपणे निवडले जात आणि अंतिम अधिकार राजाकडेच राहत.

या रचनेला माणसे हवी होती. जुने राणा सरदार बदनाम झालेले होते, काँग्रेसचे पुढारी तुरुंगात किंवा भारतात परागंदा होते. डोंगरी जिल्ह्यांतून आलेले, काही शिकलेले, पक्षाचा शिक्का नसलेले तरुण महेंद्र यांनी वेचून घेतले, आणि थापा त्यांपैकी एक होते. वने, शेती, उद्योग, मग अर्थ अशी खाती सांभाळत वयाच्या पस्तिशीतच ते मंत्रिपरिषदेच्या प्रमुखपदी पोचले. पक्षपद्धतीत एवढी झटपट चढण त्यांना मिळाली असती असे वाटत नाही.

त्या काळातील कामांपैकी जमीन सुधारणेचा विचार गंभीरपणे करावा लागतो. १९६४ च्या भूमी कायद्याने तराईत, म्हणजे दक्षिणेकडील सपाट प्रदेशात, पंचवीस बिघे, काठमांडू खोऱ्यात पन्नास रोपनी (हेही बिघ्यासारखे जमिनीचे माप) आणि डोंगराळ भागात ऐंशी रोपनी अशी कमाल जमीनधारणा ठरवली, कुळांना संरक्षण दिले आणि खंडाला मुख्य पिकाच्या निम्म्याची मर्यादा घातली. कायदा झाला तेव्हा सरकारच्या प्रमुखपदी तुलसी गिरी होते. तो तीन टप्प्यांत देशभर लागू झाला, आणि त्यांपैकी नंतरचे टप्पे थापांच्या दुसऱ्या कारकिर्दीत पडतात. अंमलबजावणीत पळवाटा भरपूर राहिल्या, नातेवाइकांच्या नावे जमिनी फिरल्या आणि ताब्यात आलेली जमीन अपेक्षेहून फारच कमी निघाली. तरीही पंचायत राजवट केवळ दडपशाहीवर टिकली असे म्हणणाऱ्यांनी या कायद्याने खेड्यात राजाला मिळवून दिलेले समर्थक नजरेआड करू नयेत.

बी. पी. कोइराला यांची सुटकाही थापांच्याच कारकिर्दीतील, ऑक्टोबर १९६८ मधील. आठ वर्षांच्या बंदिवासानंतर झालेला तो निर्णय राजवाड्याचा होता. पंतप्रधानाला असे निर्णय स्वतःहून घेता येत नसत.

प्रश्न : थापा स्वतःही तुरुंगात गेले होते असे वाचले. राजनिष्ठ माणसाला राजाने तुरुंगात का टाकले? (नागपूर)

उत्तर : हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘राजनिष्ठ’ या शिक्क्याचा अपुरेपणा येथेच उघड होतो.

१९६९ मध्ये पद सोडल्यानंतर थापा पंचायतीच्या चौकटीत राहूनच सुधारणांची भाषा बोलू लागले. जानेवारी १९७२ मध्ये महेंद्र यांचे निधन झाले आणि वीरेंद्र गादीवर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काठमांडूच्या जुन्या वस्तीतील इटुम्बहाल या चौकात थापांनी जाहीर भाषण करून राजकीय सुधारणांची मागणी केली. त्याबद्दल त्यांना अटक झाली आणि नक्खू कारागृहात ठेवण्यात आले. १९७४ च्या मार्चमध्ये त्यांनी याच मागण्यांसाठी एकवीस दिवसांचे उपोषण केले.

या प्रसंगाची जागा लक्षात घ्यावी. राजवाड्यात अर्ज देऊन, एखाद्या सचिवामार्फत शब्द टाकून काम साधण्याची सोय माजी पंतप्रधानाला होती. ती टाळून त्यांनी नेवार वस्तीतला भरगच्च चौक निवडला. त्यांनी राजाविरुद्ध बंड केले नाही, पक्षांवरील बंदी उठवा असेही म्हटले नाही. पण राजाचे प्रजेवरील प्रेम आणि प्रजेचा राजकारणावरील हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या कृतीतून स्पष्ट झाले. तुलसी गिरी यांची निष्ठा वैचारिक होती; पक्षीय लोकशाही नेपाळला मानवत नाही असे ते उतारवयातही मानत होते. पंचायत काळातील दुसरे एक पंतप्रधान कीर्तिनिधी बिष्ट राजवाड्याचे विश्वासू म्हणून ओळखले जात. थापांचे राजकारण या दोघांहून वेगळे होते. राजा ही त्यांच्या दृष्टीने राजकारणाची भूमी होती. तिच्यावर उभे राहून ते स्वतःचा डाव खेळत, आणि वेळ आल्यास राजवाड्यालाही दुखवत.

प्रश्न : १९८० च्या सार्वमतात पंचायतीची बाजू लबाडीने जिंकली असे सर्रास लिहिले जाते. त्यात थापांचा वाटा किती? (पुणे, ठाणे व जळगाव येथील वाचक)

उत्तर : या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर द्यावे लागेल.

एप्रिल १९७९ मध्ये पाकिस्तानात झुल्फिकार अली भुट्टो यांना फाशी झाली. काठमांडूतील विद्यार्थी निषेध नोंदवायला पाकिस्तानी वकिलातीकडे निघाले, पोलिसांनी त्यांना मारहाण केली, आणि निमित्त परदेशातील असले तरी संताप देशातलाच असल्यामुळे पाहता पाहता आंदोलन सगळीकडे पसरले. २४ मे रोजी राजे वीरेंद्र यांनी अनपेक्षित घोषणा केली : पक्षविरहित पंचायत पद्धती सुधारणांसह चालू ठेवावी की बहुपक्षीय पद्धती आणावी, याचा कौल जनतेकडून गुप्त मतदानाने घेतला जाईल. पंतप्रधान कीर्तिनिधी बिष्ट पायउतार झाले आणि सुधारणांसाठी तुरुंगवास भोगलेल्या थापांना राजाने बोलावले.

ही निवड हुशारीची होती. पंचायतीचा किल्ला लढवायला पंचायतीवर टीका केलेला माणूस नेमल्यामुळे ‘सुधारणांसह’ या शब्दांना वजन आले. शिवाय थापांना जिल्ह्याजिल्ह्यांतील पंचांची नस माहीत होती. गावचा प्रधान कोण, त्याचे वैर कोणाशी, कोणाला रस्ता हवा आहे आणि कोणाला लाकडाचा ठेका, हा तपशील ज्याच्या डोक्यात आहे असा माणूस राजवाड्याला हवा होता.

मतदान २ मे १९८० रोजी झाले. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिका रंगांच्या होत्या, पंचायतीचा पिवळा आणि बहुपक्षाचा निळा. पिवळ्याला सुमारे २४ लाख ३३ हजार मते पडली, निळ्याला सुमारे २० लाख ८ हजार. टक्केवारीत सांगायचे तर ५४.८ विरुद्ध ४५.२.

आता लबाडीविषयी. सरकारी यंत्रणा, पंचायतींचे पदाधिकारी आणि तिजोरी ही तिन्ही एका बाजूला होती, याबद्दल मतभेद नाही. वीस वर्षे बंदीखाली असलेल्या पक्षांकडे गावपातळीवर कार्यकर्त्यांची साखळी उरली नव्हती. सर्वांत गंभीर आरोप तराईच्या जंगलांबाबतचा. प्रचाराचा पैसा उभा करण्यासाठी सालच्या झाडांची मोठ्या प्रमाणावर तोड होऊ दिली गेली आणि जंगलजमिनीवर वसाहती उठू दिल्या, असे विरोधक तेव्हापासून सांगत आले आहेत. नेपाळच्या राजकीय बोलण्यात थापांचे नाव आणि तराईचे तोडलेले जंगल यांची जोडी त्यानंतर कधी सुटली नाही. पैशाच्या वाटा न्यायालयात सिद्ध झालेल्या नाहीत; पण त्या दशकात तराईचे जंगल भराभर उतरले हे वास्तव आहे, आणि सरकारप्रमुख या नात्याने त्याची जबाबदारी थापांना झटकता येणार नाही.

मात्र निकालाचे सगळे श्रेय किंवा दोष लबाडीला देणे आम्हांला पटत नाही. त्याची कारणे दोन. मतदानाच्या साडेचार महिने आधी, १६ डिसेंबर १९७९ रोजी, राजे वीरेंद्र यांनी जाहीर केले होते की निकाल काहीही लागो, यापुढे विधिमंडळाची निवड प्रौढ मतदानाने थेट होईल आणि मंत्रिमंडळ त्या विधिमंडळाला जबाबदार राहील. म्हणजे बहुपक्षवाद्यांच्या मागण्यांचा मोठा भाग पिवळ्या बाजूने आधीच उचलला होता. ज्याला बदल हवा पण उलथापालथ नको, अशा मतदाराला पिवळा रंग निवडणे सोपे झाले. दुसरे कारण म्हणजे खुद्द बी. पी. कोइराला यांनी, निकाल अनपेक्षित असल्याचे सांगूनही, तो मान्य केला. त्यांचे सहकारी यावरून चिडले होते. कोइराला भोळे नव्हते. कौल नाकारून देश अस्थिर करण्यापेक्षा पंचेचाळीस टक्क्यांची पुंजी हाती धरून पुढे जाणे त्यांना शहाणपणाचे वाटले असावे. दहाच वर्षांनी त्या पंचेचाळीस टक्क्यांनी पंचायत पद्धती गुंडाळली.

तेव्हा आमचा निवाडा असा : मैदान एका बाजूला कललेले होते, ते कलते ठेवण्यात थापांचा हात होता, आणि तरीही सुधारलेल्या पंचायतीला खराखुरा पाठिंबा होता. ही तीनही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

प्रश्न : सार्वमत जिंकून देणाऱ्या पंतप्रधानाला तीन वर्षांत घरी का जावे लागले? (सोलापूर)

उत्तर : कारण त्याने मिळवून दिलेल्या विजयानेच त्याला काढून टाकण्याचे साधन निर्माण केले. डिसेंबर १९८० च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय पंचायतीत १४० सदस्य ठरले. त्यांतील ११२ थेट मतदानाने निवडून येणारे आणि २८ राजनियुक्त. मे १९८१ मध्ये निवडणूक झाली आणि जूनमध्ये त्या सभागृहाच्या शिफारशीने थापा पुन्हा पंतप्रधान झाले. पंचायत काळात प्रथमच पंतप्रधानाला सभागृहाचा आधार मिळाला होता, आणि अर्थातच सभागृहाला पंतप्रधानावर अविश्वास दाखवण्याचा अधिकारही.

जुलै १९८३ मध्ये तो अधिकार वापरला गेला. धान्यटंचाई, महागाई, भ्रष्टाचार ही कारणे ठरावात होती आणि ती खोटी नव्हती. परंतु राजवाड्याचा इशारा नसता तर तेच सदस्य, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी थापांची शिफारस केली होती, एवढ्या एकजुटीने उलटले नसते, असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. थापा हरले आणि लोकेंद्रबहादूर चंद पंतप्रधान झाले. (चंद सुदूर पश्चिमेतील बैतडीचे, स्वभावाने सौम्य, विनोदी कथा लिहिणारे. थापांची आणि त्यांची जोडी पुढे वीस वर्षे कधी भांडत, कधी एकत्र येत नेपाळी राजकारणात राहिली.)

त्यानंतर थापांनी ‘भूमिगत गिरोह’ हा आरोप केला : देशाचा कारभार दिसणारे मंत्री चालवत नसून राजवाड्याच्या आडोशाला लपलेली एक टोळी चालवते, असे त्यांचे म्हणणे होते. माजी पंतप्रधानाने हे जाहीरपणे बोलावे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पदच्युत माणसाचा जळफळाट म्हणून अनेकांनी ते सोडून दिले. पण १९८६ मध्ये पत्रकार पद्म ठकुराठी यांच्यावर रात्री घरात शिरून गोळी झाडली गेली, ते वाचले पण एक डोळा गेला, आणि त्या प्रकरणाच्या तपासाचे धागे राजघराण्याशी निगडित लष्करी अधिकाऱ्यापर्यंत गेले. त्यानंतर ‘गिरोह’ हा शब्द वापरायला लोक कचरेनात.

प्रश्न : १९९० च्या जनआंदोलनानंतर पंचायतवादी माणसे राजकारणातून कशी हद्दपार झाली नाहीत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : होतील असे सगळ्यांना वाटले होते. एप्रिल १९९० मध्ये राजे वीरेंद्र यांनी पक्षांवरील बंदी उठवली आणि त्याच वर्षी नवे संविधान आले. जुन्या पंचांनी लगोलग राष्ट्रीय प्रजातंत्र पक्ष काढला, तोही एकाच नावाचे दोन : एक थापांचा, एक चंदांचा. १९९१ च्या निवडणुकीत चंद गटाला तीन आणि थापा गटाला एक अशा मिळून चार जागा आल्या, मात्र दोघांच्या मतांची बेरीज बारा टक्क्यांच्या आसपास होती. आकडा दोघांनाही समजला. १९९२ मध्ये ते एक झाले आणि १९९४ मध्ये २०५ पैकी वीस जागा मिळवल्या.

कम्युनिस्ट (एमाले) ८८, काँग्रेस ८३. बहुमत कोणाकडेच नाही. अशा सभागृहात वीस जागांची किंमत काय असते हे भारतातील वाचकांना सांगायला नको. मार्च १९९७ मध्ये राजेशाहीविरोधात वाढलेल्या कम्युनिस्टांनी चंद यांना पंतप्रधान केले. ऑक्टोबरमध्ये थापांनी आपल्याच पक्षाच्या चंद यांच्याविरुद्ध काँग्रेसशी हातमिळवणी केली आणि स्वतः ते पद घेतले. ज्या नेपाळी काँग्रेसला सार्वमतात त्यांनी हरवले होते तिच्याच पाठिंब्यावर. या व्यवहारात तत्त्वाचा अंश शोधत बसण्यात अर्थ नाही.

त्या खेपेतील एक प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. जानेवारी १९९८ मध्ये अविश्वास ठरावाची चाहूल लागताच थापांनी संसद विसर्जित करण्याची शिफारस राजाकडे पाठवली. त्याच सुमारास विरोधकांनी खास अधिवेशन बोलावण्याची मागणी दाखल केली. राजे वीरेंद्र यांनी ‘आपल्या’ पंतप्रधानाची शिफारस तशीच मान्य केली नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. न्यायालयाने अधिवेशन बोलावावे असा सल्ला दिला, ते बोलावले गेले, आणि फेब्रुवारीत अविश्वास ठराव फेटाळला गेल्याने थापा तरले. घटनात्मक राजा कसा वागतो याचा हा नमुना आहे. वीरेंद्र यांनी तो घालून दिला आणि त्याची झळ एका राजनिष्ठालाच बसली. एप्रिलमध्ये काँग्रेसशी ठरल्याप्रमाणे थापांनी त्या पक्षाच्या गिरिजाप्रसाद कोइराला यांना खुर्ची दिली. पक्ष तोवर फुटला होता. १९९९ मध्ये थापांच्या बाजूला अकरा जागा आल्या आणि चंद गटाला एकही नाही.

प्रश्न : थापा आणि कमल थापा यांचे नाते काय? (रत्नागिरी)

उत्तर : आडनाव एक, पक्षही काही काळ एक, दोघे एकाच घराण्यातील नव्हेत. कमल थापा यांचे राजकारण मकवानपूरचे. २००५ मध्ये ते ज्ञानेंद्र यांच्या थेट राजवटीत गृहमंत्री झाले आणि नंतर राजेशाहीच्या पुनर्स्थापनेसाठी वेगळा पक्ष चालवला. सूर्यबहादूर यांचे राजकारण धनकुट्यात पुत्र सुनीलबहादूर थापा यांनी पुढे नेले.

प्रश्न : थापा भारताच्या बाजूचे मानले जात, हे खरे का? (मुंबई)

उत्तर : काठमांडूत तसे मानले जाई. १९६५ च्या जानेवारीत भारत व नेपाळ यांच्यात शस्त्रपुरवठ्याविषयीचा समझोता झाला, तो गुप्त ठेवला गेला, आणि १९६९ मध्ये थापांच्या जागी आलेल्या बिष्ट यांनी त्यापासून फारकत जाहीर करून उत्तर सीमेवरील चौक्यांमधून भारतीय पथके परत न्यावीत अशी मागणी केली. त्या तुलनेत थापा मवाळ दिसले. पण चीनने बांधून दिलेला काठमांडू–कोदारी रस्ता १९६७ मध्ये सुरू झाला तोही थापांच्याच काळात. परराष्ट्र धोरण महेंद्र स्वतः चालवत. दिल्लीला नरमाईचा संदेश द्यायचा असेल तेव्हा थापा आणि ताठ मान दाखवायची असेल तेव्हा बिष्ट, असा त्यांचा हिशेब असावा, हा आमचा तर्क आहे. पुढच्या काळात थापांचे भारतातील सर्व पक्षांच्या नेत्यांशी संबंध राहिले, एवढे खरे.

प्रश्न : २००३ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ज्ञानेंद्र यांच्या बोलावण्याला होकार देण्याची काय गरज होती? (अमरावती)

उत्तर : गरज नव्हती. या टप्प्याबद्दल आमचे मत प्रतिकूल आहे. राजे वीरेंद्र ज्यात मारले गेले त्या जून २००१ च्या राजवाडा हत्याकांडानंतर गादीवर आलेल्या ज्ञानेंद्र यांनी ४ ऑक्टोबर २००२ रोजी शेरबहादूर देउबा यांचे सरकार काढून चंद यांना नेमले. मे २००३ मध्ये चंद गेले. आंदोलन करणाऱ्या पाच पक्षांनी एमालेचे माधवकुमार नेपाळ यांचे नाव एकत्रितपणे सुचवले होते. राजाने ते बाजूला सारून थापांना नेमले. संसद विसर्जित होती, म्हणजे ज्या सभागृहाच्या जबाबदारीची मागणी करून ते कधीकाळी नक्खूत बसले होते ते सभागृहच अस्तित्वात नव्हते, आणि तरी त्यांनी शपथ घेतली.

समर्थनार्थ असे म्हणता येईल की सशस्त्र बंड पुकारलेल्या माओवाद्यांशी वाटाघाटी चालू होत्या आणि अनुभवी माणूस हवा होता. नेपाळगंज व हापुरे येथे बोलणी झालीही. परंतु त्याच सुमारास, १७ ऑगस्टला, रामेछाप जिल्ह्यातील दोरम्बा येथे पकडलेल्या माओवाद्यांना सैन्याने ठार केले, आणि २७ ऑगस्टला माओवाद्यांनी युद्धविराम संपल्याचे जाहीर केले. सैन्य राजाच्या हुकमात, रस्ते पाच पक्षांच्या ताब्यात, गावे माओवाद्यांच्या. पंतप्रधानाच्या हाती काय उरले होते? त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे नेतृत्व, जे तेव्हा पशुपतिशमशेर राणा यांच्याकडे होते, तेही सर्वपक्षीय सरकारसाठी वाट मोकळी करा असे सांगू लागले. ७ मे २००४ रोजी थापांनी राजीनामा दिला. वर्षअखेरीस त्यांनी पक्ष सोडला आणि राष्ट्रीय जनशक्ती पक्ष काढला. १ फेब्रुवारी २००५ रोजी ज्ञानेंद्र यांनी सत्ता थेट हाती घेतली तेव्हा उपाध्यक्ष म्हणून तुलसी गिरी आणि कीर्तिनिधी बिष्ट हे जुने मोहरे पुढे आले. थापा त्यांत नव्हते.

प्रश्न : राजेशाही गेली तेव्हा थापांची भूमिका काय होती? आज नेपाळात राजाच्या पुनरागमनासाठी मोर्चे निघतात, त्यांत त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही, असे का? (बेळगाव)

उत्तर : २८ मे २००८ रोजी संविधान सभेने प्रजासत्ताकाचा ठराव ५६० विरुद्ध चार मतांनी संमत केला. विरोधातील ती चार मते कमल थापा यांच्या पक्षाची होती. सूर्यबहादूर यांच्या जनशक्ती पक्षाचे तीन सदस्य सभेत होते, त्यांचे एकही मत राजेशाहीच्या बाजूने पडले नाही.

२०१३ मध्ये त्यांचा पक्ष मूळ राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षात विलीन झाला व ते अध्यक्ष झाले. त्या वर्षीच्या निवडणुकीत या पक्षाला तेरा जागा मिळाल्या, तर राजेशाहीचा उघड पुरस्कार करणाऱ्या कमल थापा यांच्या पक्षाला चोवीस. जानेवारी २०१४ मध्ये दुसरी संविधान सभा भरली. सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून राष्ट्रपती रामवरण यादव यांच्याकडून सूर्यबहादूर थापांनी आधी शपथ घेतली, मग इतर सदस्यांना दिली आणि पहिल्या बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवले. पक्षबंदीच्या काळातील पंतप्रधान प्रजासत्ताकाचे संविधान लिहिणाऱ्या सभागृहात माजी बंडखोरांना, जुन्या काँग्रेसवाल्यांना आणि कम्युनिस्टांना शपथ देत होता, आणि कोणी हरकत घेतली नाही.

आजच्या मोर्च्यांत, मार्च २०२५ मध्ये काठमांडूच्या तीनकुने भागात हिंसक वळण घेतलेल्या निदर्शनातही, ज्ञानेंद्र यांची छायाचित्रे आणि हिंदू राष्ट्राच्या घोषणा असतात. थापांचे राजकारण त्या साच्यात बसत नाही. राजा परत आणा म्हणणाऱ्यांना गिरोहाचा आरोप करणारा आणि २००८ मध्ये गादीसाठी न लढलेला माणूस अडचणीचा वाटतो. लोकशाहीवाद्यांना सार्वमत आणि तराईचे जंगल विसरता येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना तो आपला वाटत नाही. धनकुट्यात मात्र तशी स्थिती नाही. तेथे त्यांच्या पुत्राला २०१३ मध्ये लोकांनी थेट निवडून दिले आणि सुशील कोइराला यांच्या, म्हणजे काँग्रेसच्या, मंत्रिमंडळात ते वाणिज्य व पुरवठा मंत्री झाले. सूर्यबहादूर थापा यांचे १५ एप्रिल २०१५ रोजी दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये उपचार चालू असताना निधन झाले आणि काठमांडूत पशुपती आर्यघाटावर सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. दहाच दिवसांनी झालेल्या महाभूकंपामुळे त्यांच्या कारकिर्दीची जी चर्चा वृत्तपत्रांतून सुरू झाली होती ती तिथेच थांबली.